खाण रिकामी

खाणीच्या तळाशी पंपाच्या पाइपापुढे बायकांची रांग होती आणि मुकादम त्याच पाइपाने ट्रकची चाकं धुवून घेत होता.

चाकांवरचा चिखल ओघळत बायकांच्या पावलांपाशी येत होता. कोणी पाय मागे घेत नव्हतं. मागे सरलं की रांगेतली जागा गेली.

"चाकं नंतर धुतली तर रुसतील का हो?" गवंड्याची बायको म्हणाली. तिच्या तोंडाला सगळं गाव वचकून असे.

"ट्रकला वेळ पाळावी लागते," मुकादम म्हणाला. "तुमचं काय, तुम्हाला गप्पांना जागा पाहिजे."

रांगेत सगळ्यात पुढे सुरुंगवाल्याची म्हातारी आई होती. घागर कमरेवर ठेवून ती चाकांकडे बघत उभी होती. "पाणी आमच्या विहिरीचं आहे, मुकादम."

"मग विहिरीतूनच काढा ना, मावशी! नको कोणी म्हटलंय?"

ट्रकवाला हसला. रांगेतल्या एकदोघी बायकाही हसल्या. मुकादम गंमत करत असताना हसलं नाही, तर घागर अर्धीच भरते, हे त्यांना माहीत होतं.

म्हातारी खोटं बोलत नव्हती. गावामागच्या टेकडीला खाण लागली तेव्हा ती वरवर होती. मग खडीची मागणी वाढली आणि खाण जमिनीखाली उतरली. एक पायरी, मग आणखी एक. विहिरीचं पाणी तिच्या मागोमाग उतरत गेलं. शेवटी विहीर आटली आणि खाणीच्या तळाशी झरा फुटला. पाणी साचलं तर काम होत नाही, म्हणून पंप दिवसभर ते उपसून पलीकडच्या ओढ्यात टाकायचा. त्यातलं थोडं, ट्रक धुऊन झाल्यावर, गावाला मिळायचं. आता मालक आणखी एक पायरी खाली जाणार होता. ती झाली की विहिरीचं नाव घ्यायलाही कोणी उरणार नव्हतं.

म्हातारीची घागर अर्धी झाली आणि पहिली शिट्टी वाजली.

सुरुंगवाला लाल निशाण घेऊन उतारावरून खाली आला. तो तिचा थोरला मुलगा. दगडाच्या धुळीने त्याच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत, त्यामुळे कधीकधी तो आईच्या वयाचा वाटे.

"आई, चल वर. शिट्टी झाली."

"अर्धीच भरलीये."

"राहिलेली उद्या भर."

"आणि तहानेला काय सांगू, उद्या ये म्हणून?"

त्याने घागर तिच्या हातातून घेतली आणि पुढे चालू लागला. उताराच्या वळणावर मुकादम आपल्याकडे बघतोय असं दिसताच त्याने ती परत तिच्या कमरेवर टेकवली.

बार उडवायची एक रीत होती. थोरल्याचा बापही सुरुंगवाला होता, त्याच्यापासून ती चालत आली होती. पहिल्या शिट्टीला सगळ्यांनी वर जायचं. दुसऱ्या शिट्टीला सुरुंगवाल्याने एकट्याने तळात फिरायचं, कपारीकपारीत डोकावून "कोण आहे?" अशी हाक द्यायची. मग ऑफिसकडे तोंड करून ओरडायचं, "खाण रिकामी!" ते ऐकल्याशिवाय मुकादम तिसरी शिट्टी वाजवत नसे आणि तिसऱ्या शिट्टीशिवाय वात पेटत नसे. मालक बदलले, मशीनं बदलली, ही रीत तेवढी कोणी मोडली नाही. फार पूर्वी एक दगडफोड्या कपारीच्या सावलीला झोपून राहिला होता. त्याचं नाव खाणीत कोणी काढत नसे.

त्या दुपारच्या बाराने घराच्या मागच्या भिंतीतली चीर आणखी बोटभर पुढे सरकली. संध्याकाळी थोरल्याची बायको ती लिंपत होती. माती कालवायला पाणी नव्हतं, म्हणून भांडी विसळलेलं घेतलं होतं, आणि भिंतीला उष्ट्याचा वास येत होता.

धाकटा उंबऱ्यावर बसून ते बघत होता. तो भावाच्या हाताखाली सुरुंगाची भोकं भरायला असे. मुकादमाला उलट बोलला म्हणून त्याला नुकतंच कामावरून काढलं होतं. त्याच्या शेवटच्या दिवशी भोकं भरताना स्फोटकाची एक कांडी आणि थोडी वात कमी पडली होती. थोरल्याने आपलाच हिशेब चुकला असं धरलं आणि विषय सोडून दिला.

"वहिनी, कशाला हात घाण करतेस? उद्या परत फाटेल."

"तुम्ही दाढी कशाला करता, भाऊजी? परत वाढतेच ना."

थोरला हसला. धाकट्याला हसू आलं नाही. "दादा, तू हसतोस? ही भिंत तू फाडलीस."

"मी नाही फाडली तर दुसरा फाडेल. आणि मग या घरात काय शिजवायचं तेही सांग."

"बास," म्हातारी म्हणाली. ती रिकाम्या माठांच्या तिवईला टेकून बसली होती. "थोरल्या, तू ती हाक देतोस ना, कोण आहे म्हणून?"

"देतो."

"उद्या मी ओ देणार."

सुनेचा हात भिंतीवर थांबला.

"मी वर येणार नाही. गवंड्याच्या बायकोशी बोललेय, आणखी बायका आहेत. पाणी भरायला जायचं आणि तिथेच बसायचं. तू तुझं काम सोडू नकोस, भांडू नकोस. फक्त खोटं बोलू नकोस. आम्ही दिसलो तर दिसलो म्हण."

"मालक मला काढेल, आई."

"खरं बोललास म्हणून?"

"हो. खरं बोललो म्हणूनच."

धाकटा उठला. "आई, बसून कोणाचं काय बिघडलंय आजवर? आपण रांगेत बसलोच होतो ना इतकी वर्षं?"

"रांगेत उभे होतो," म्हातारी म्हणाली. "बसून बघितलेलं नाही अजून."

दुसऱ्या दिवशी पहिल्या शिट्टीला पुरुष वर गेले आणि बायका बसल्या. कोणी सुपात धान्य घेऊन आली होती, कोणी फाटका परकर. एक तर खरंच झोपली. थोरला निशाण घेऊन उतरला. रोजच्यासारखं त्याने पहिल्या कपारीपाशी तोंडाला हात लावून विचारलं, "कोण आहे?"

"आम्ही आहोत!" बायका एका सुरात म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की झोपलेली जागी झाली.

त्याने सगळी खाण फिरून पाहिली. मग ऑफिसकडे तोंड केलं. "खाण रिकामी नाही!"

हे शब्द त्या खाणीत त्याआधी कोणी उच्चारल्याचं ऐकिवात नव्हतं. मुकादम धावतच कठड्याशी आला. "मग कर रिकामी!"

"माझं काम बघायचं आहे. हाकलायचं नाही."

मुकादमाने खाली येऊन हाकलून पाहिलं. शिव्या दिल्या, एकीची घागर लाथेने उलटी केली. तिने ती उचलली, पाइपाखाली धरली, परत भरली आणि पहिल्या जागी येऊन बसली. त्याला पुढे काय करावं ते सुचेना. तो पुरुषमाणसांशी भांडायला सरावलेला होता, आणि इथे त्याच्याशी कोणी भांडतच नव्हतं. मग त्याने दुसरी युक्ती केली. न उडता राहून गेलेल्या सुरुंगाला खाणीत मुका बार म्हणतात. त्याच्याइतकं खाणकामगार कशालाच भीत नाहीत. मुकादम ओरडत आला, "मुका बार राहिलाय! पळा!" बायका पळाल्या. कठड्यापर्यंत पोचल्या तर मागे भोकं पाडायचं मशीन तळात उतरवणं चालू होतं. त्या तशाच परत फिरल्या. त्यानंतर तो रोज मुक्या बाराची हाळी देई आणि गवंड्याची बायको रोज म्हणे, "मुका असेल तर तुम्ही का ओरडताय?"

थोरल्याने एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली. खाली माणूस बसलेलं असताना तो भोकं भरणार नाही. त्याला वाटलं होतं, त्याच दिवशी काढतील. काढलं नाही. दुसरा सुरुंगवाला सहजासहजी मिळत नव्हता.

एक दिवस मालक स्वतः आला. बूट चिखलात गेले तरी त्याने तोंड वाकडं केलं नाही. म्हातारीसमोर तो उकिडवा बसला.

"मावशी, मी गावाला टँकर देतो. रोज."

"किती दिवस?"

"लागेल तितके."

"माझ्या सासूने लग्न झाल्यावर त्या विहिरीचं पाणी ओढलं. मीही ओढलं. तुमचा टँकर माझ्या नातसुनेला दिसेल का?"

"मावशी, माझ्यामागेही माणसं आहेत. खडी नाही दिली तर ती मला दारात उभं करणार नाहीत."

"मग तुम्हीपण बसा आमच्याबरोबर," म्हातारी म्हणाली. ती गमतीने म्हणाली नव्हती. मालकाने गुडघ्यांवर हात टेकले. मग तो उठला. "दुसऱ्या गावाहून माणूस आणावा लागेल. तो तुम्हाला ओळखत नसेल, एवढं लक्षात ठेवा."

पाइपाजवळ दिवसभर बसल्यामुळे घरोघरी पाणी मात्र भरपूर येऊ लागलं. सुनेने माठ काठोकाठ भरून तिवईवर मांडले. कित्येक महिन्यांनी माठ पाझरले आणि खालची जमीन ओली झाली.

"बघा भाऊजी," ती म्हणाली, "बसण्याचं पाणी."

धाकट्याने तिकडे पाहिलं आणि मान फिरवली. त्या दिवशी जेवताना त्याने भाकरी मोडली. मग म्हणाला, "आई, एक सांगू? मालक तुमच्या बसण्याला भीत नाही. दादा वात पेटवत नाही म्हणून तो अडलाय. दादाच्या जागी दुसरा आला की तुमचं बसणं संपलं."

"तो दुसराही डोळे असलेलाच असेल ना?"

"डोळे मिटून पेटवणारे असतात, आई."

"असतील. म्हणून आपण आधी मिटायचे?"

"तो पंप नसेल तर खाण आपोआप बुडेल. पंप म्हणजे लोखंड आहे. लोखंडाला दुखत नाही."

"आणि त्याच्या आजूबाजूला कोण असतं?" थोरल्याने विचारलं.

"कोणी नसताना."

"तुला कसं कळणार कोणी नाही ते?"

"तुला कळतं तसं."

"मी फिरून बघतो," थोरला म्हणाला. "म्हणून कळतं."

धाकट्याने ताट सरकवलं. तो चुकीचं बोलत होता असं थोरल्याला मनातून वाटत नव्हतं. दुसऱ्या सुरुंगवाल्याचा विचार त्यालाही रोज येत होता. आईजवळ या प्रश्नाला उत्तर नव्हतं, फक्त एक सवाल होता, आणि सवालावर कोणाच्या जिवाचा भरवसा ठेवायचा?

पुढच्याच आठवड्यात, सकाळी थोरला अंगणात चप्पल घालत असताना धाकटा मागच्या वाटेने आला. त्याला धाप लागली होती. चेहरा धुळीने नव्हे, तसाच पांढरा पडला होता.

"दादा. पंपाखाली लावलीये."

"काय?"

"कांडी. पहाटे, राखणदार चहाला गेल्यावर. वात पेटवली. मी टेकाडामागे थांबलो, केव्हाचा थांबलो. उडालीच नाही."

थोरल्याने चप्पल तशीच सोडली. "कुठे लपवली होतीस इतके दिवस?"

धाकट्याने घराकडे बोट केलं. "माठांखाली." दारात उभी राहिलेली वहिनी आत गेली आणि माठांच्या तिवईखालून कांडी-वात गुंडाळून ठेवलेला कागद ओढून घेऊन आली. कागद भिजून लगदा झाला होता.

"तिथे किती महिने थेंब पडला नव्हता," धाकटा म्हणाला. "मला काय माहीत..."

"आई कुठे आहे?"

"गेल्या सगळ्या," सून म्हणाली. "मघाशीच गेल्या."

भिजकी वात विझल्यासारखी दिसते आणि आतून धुमसत राहते. अशा बाराच्या जवळ दुसरा दिवस उजाडेपर्यंत जायचं नाही, असं बाप सांगायचा. थोरला धावत सुटला. धाकटा त्याच्यामागे चार पावलं आला आणि उभा राहिला.

बायका पंपाच्या पाइपाजवळ नेहमीच्या जागी बसलेल्या होत्या. उतारावरूनच थोरला ओरडला, "उठा! मुका बार आहे! वर चला!"

गवंड्याच्या बायकोने सुपातून वर पाहिलं. "अगंबाई, तुम्हीपण मुकादमाच्या शाळेत गेलात?"

बायका हसल्या. वर कठड्यावर मुकादम उभा होता, त्यालाही हसू आलं. पंपाखाली म्हणावं, तर कोणी ठेवली हे विचारणारा वर उभाच होता. न म्हणावं, तर बायका उठत नव्हत्या. थोरला आईकडे बघत राहिला. त्याचे ओठ नुसते हलले.

म्हातारीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली. "उठा गं."

"का? मालक मशीन उतरवेल की."

"मी उठलेय ना? उठा."

कुरकुरत बायका उठल्या. त्या उताराला लागल्या तसा मागे कोणी राहिलंय का ते बघायला थोरला पंपाकडे वळला. थोडं पुढे जाताच त्याला वास आला, जळत्या वातीचा, बारीक. तो जागीच फिरला आणि परत पळाला. तेवढ्यात त्याला दिसलं की गवंड्याची बायको माघारी येतेय. तिचं सूप राहिलं होतं.

"सोड ते!" तो ओरडला.

"अहो, निवडलेलं आहे सगळं—"

आवाज खाणीच्या भिंतींवर आपटून परत आला. थोरला तोंडावर पडला. उठला तेव्हा डाव्या कानात नुसती शीळ वाजत होती आणि निवडलेलं धान्य सगळीकडे विखुरलेलं होतं. पंपाच्या जागी वाकलेले पत्रे होते. गवंड्याची बायको बसलेली होती. ती आपल्या पायाकडे दुसऱ्या कोणाचा असावा तशी बघत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला बोलायला काही सुचत नव्हतं.

त्यानंतर सगळं भराभर झालं. पोलीस आले. बायकांनी खाणीत सुरुंग लपवले असं खाणीच्या ऑफिसातून सांगितलं गेलं आणि कठड्याला शिपाई उभे राहिले. गवंड्याच्या बायकोला इस्पितळात नेलं. पाय गुडघ्याखाली राहील की नाही ते डॉक्टर सांगत नव्हते. संध्याकाळी गवंडी दारात आला. त्याच्या थापीवरचा चुना अजून ओला होता. काम टाकून आला होता.

"तुम्ही तिला बसायला नेलंत," तो म्हातारीला म्हणाला. "मुकादमाच्या शिव्या खाऊन ती घरी चालत येत होती. चालत."

म्हातारी खाली बघत उभी राहिली. बाकीच्या बायका त्या दिवसापासून त्यांच्या दारावरून जायच्या बंद झाल्या.

धाकटा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होता. दुसऱ्या दिवशी म्हातारी विहिरीवर गेली. रोज एकदा तिथे बादली सोडून बघायची तिला सवय होती. परत आली ती दोर हातात घेऊनच.

"दोर ओला निघाला," ती म्हणाली. "हातभर."

धाकटा उठून बसला. "पंप बंद आहे म्हणून. माझ्यामुळे."

"हो. तुझ्यामुळे." तिने दोर त्याच्यासमोर जमिनीवर ठेवला. "आणि तिचा पाय, तोही तुझ्यामुळे. दोन्ही तुझंच. एक घेऊन दुसरं ठेवता येणार नाही."

"तुमच्या बसण्याने किती आलं असतं?"

"माहीत नाही," म्हातारी म्हणाली. "कदाचित काहीच नाही."

ती हे अगदी सहज म्हणाली. धाकटा दोराचं ओलं टोक बोटांनी दाबत बसला.

त्याच सकाळी मालकाने थोरल्याला बोलावलं होतं. नवा पंप वाटेत होता, पण खाणीच्या तळात पाणी चढू लागलं होतं. बायका गेल्यावर रातोरात मशीन उतरवून खालच्या पायरीची भोकं पाडून घेतली होती. ती आज उडवली नाहीत तर बुडणार होती, आणि मग सगळं काम नव्याने.

"माझ्या खाणीत कांडी कोणाच्या हाताला लागू शकते, हे मला कळत नाही असं वाटतं तुला?" मालक म्हणाला. "मी अजून नाव सांगितलेलं नाही. तू आज बार उडव. मी विसरून जातो."

थोरल्याने उजवा कान पुढे केला होता. त्याने सगळं नीट ऐकलं. त्याने भोकं भरली. हात नेहमीसारखेच चालले, याचं त्याला नवल वाटलं. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून त्याने शेवटच्या वातीचं टोक वर काढून ठेवलं.

पहिली शिट्टी झाली. सगळे वर गेले. दुसऱ्या शिट्टीला तो निशाण घेऊन निघाला.

बायका बसायच्या त्या जागी पाण्यावर धान्याचा कोंडा तरंगत होता. घागरींच्या बुडांचे गोल खळगे अजून ओळखू येत होते. "कोण आहे?" त्याने विचारलं. आवाज फिरून परत आला, तो त्याला एकाच कानाने ऐकू आला. कोणी नव्हतं. आईने एवढंच मागितलं होतं की खोटं बोलू नकोस. आज खोटं बोलायची गरजच नव्हती. खाण रिकामी होती. जे खरं होतं तेच ओरडायचं, आणि भाऊ घरी राहणार.

त्याने ऑफिसकडे तोंड केलं. तोंड उघडलं. मग मिटलं.

तो पहिल्या कपारीपाशी परत गेला. आत वाकून पाहिलं, एक धोंडा सरकवून त्यामागे पाहिलं. दुसऱ्या कपारीकडे गेला. तिथला मुरूम हाताने उकरला.

"काय झालं?" मुकादम वरून ओरडला.

"बघतोय!"

"काय बघतोयस? कोणी नाही तिथे!"

"बघतोय अजून!"

हे खोटं नव्हतं. तो खरंच बघत होता. इतक्या वर्षांत त्याने ही खाण इतकी नीट कधी पाहिली नव्हती. बापाने पहारीने मारलेल्या खुणा त्याला एका जुन्या पायरीवर दिसल्या. त्याने तिथे हाक दिली आणि उत्तराची वाट पाहिली. ऊन कलू लागलं. सूर्य टेकडीआड गेला की बार उडवायचा नाही, हाही नियमच होता.

मालक कठड्यावर आला. "भोकं बुडतायत! मुकादम, माणसं द्या त्याला. पटापट बघून घ्या."

मुकादमाने दगडफोडे आणि मशीनवाले खाली पाठवले. ते निमूट उतरले. त्यातल्या कोणाची आई, कोणाची बायको इथेच बसलेली होती. एक वयस्कर दगडफोड्या थोरल्यापाशी आला. "काय शोधायचंय?"

"माणूस. भरलेल्या भोकांपासून लांब राहून शोधा."

दगडफोड्याने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग पाण्याकडे. "हां," तो म्हणाला. आणि वळून बाकीच्यांना ओरडला, "नीट बघा रे! घाई नको! माणसाचा जीव आहे!"

सगळे शोधायला लागले. कोणी खडीचा ढीग फावड्याने इकडचा तिकडे केला, कोणी उलटं पडलेलं घमेलं उचलून त्याखाली पाहिलं. थोरला दर थोड्या वेळाने विचारी, "कोण आहे?" आणि चहूबाजूंनी ओ येई, "मी आहे!", "इकडे मी आहे!" एकाला हसू फुटलं, मग दुसऱ्याला. थोरला हसला नाही. तो ऑफिसकडे तोंड करून प्रत्येक वेळी तेच सांगत होता, "खाण रिकामी नाही!"

मालकाच्या लक्षात आलं तेव्हा त्याने सगळ्यांना वर बोलावलं. ते आले, पण एकेक करून, आणि एकाचं फावडं खाली राहिलं म्हणून दोघे परत गेले. टेकडीची सावली तळावर आली होती. वातींची टोकं पाण्याखाली गेली होती.

"उद्या नवा पंप येतोय," मालक थोरल्याला म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "पाणी उपसायला किती वेळ लागतो? आणि दुसरा माणूसही मिळेल. हे तू कशासाठी केलंस, मला कळलं नाही."

थोरल्यालाही ते नीट सांगता आलं नसतं. तो पाय धुवायला वळला.

पोलीस दिवेलागणीला आले. धाकट्याने विचारायच्या आधीच सांगितलं, "मीच." म्हातारीने त्याच्या चपला आणून पायांसमोर ठेवल्या. वहिनीने सदरा दिला. ती बटणं लावू लागली, मग त्याचं त्यालाच लावू दिलं.

"भाऊजी, दाढी वाढवू नका तिथे," ती म्हणाली.

थोरला अंगणात उभा होता. अंगाला खाणीचा चिखल तसाच होता. धाकटा त्याच्यापाशी थांबला. शिपायाने दंड धरला होता, पण त्याने ओढलं नाही.

"सगळं गाव सांगतंय, दादा. सापडलं का कोणी?"

"नाही."

"माझ्या बदल्यात होतं ते. माहीत होतं ना तुला?"

"होतं."

धाकट्याने मान हलवली. राग आलाय की नाही, ते त्या उजेडात दिसत नव्हतं. तो फाटकापर्यंत गेला आणि वळला.

"उद्या कुठे बघणार?"

थोरल्याने चांगला कान त्याच्याकडे केला होता.

"पहिल्या कपारीपासून," तो म्हणाला.